महागाची चव

थोरली आणि धाकटी माझ्या दुकानात भांडल्या त्या दिवशी मी मनातून हसत होते, हे आधीच सांगून टाकते. जावाजावांचं भांडण बघायला कोणाला आवडत नाही? आणि भांडण होतं कशावरून, तर रिकाम्या डब्यावरून. दोघींनाही डबा मीच विकला होता. आता आठवलं की त्या हसण्याची लाज वाटते.

गावात दुकान एकच, ते माझं. नवरा गेल्यावर बावीस वर्षं मी एकटीने चालवलं. इतकी वर्षं एका जागी बसलं की माणसं आतून-बाहेरून कळतात. कोण काय घेतं ते सोडा, कोण कोणासमोर काय घेतं ते बघावं. सुतारीण एकटी आली तर साबणाची अर्धी वडी कापून मागते. दुकानात आणखी दोघी उभ्या असल्या की अख्खी घेते, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या दाराने अर्धी परत आणून देते. मी मुकाट घेते. मास्तरीणबाईंचा पाहुण्यांचा चहा वेगळा आणि घरचा वेगळा. घरच्या चहाची पुडी आधी पिशवीत तळाला जाते, मग त्यावर पाहुण्यांची. मला त्यात वावगं वाटत नाही. माणसाला चारचौघांत मान वर करून चालायचं असतं.

निळा डबा त्यातलाच. शहरात दुधात घालायची एक पावडर मिळते, तिचा हा डबा. वर गुटगुटीत हसऱ्या मुलाचं चित्र. एका डब्यात बाईची आठवड्याची खुरपणीची मजुरी जाते, म्हणून गावात तो कोणी घेत नव्हतं. मग एक हेडमास्तर बदलून आले, त्यांच्याकडे लहान मूल. ते गेले तेव्हा त्यांचा रिकामा डबा खोलीत राहिला. घरमालकिणीने तो धुऊन पुढच्या खोलीतल्या फळीवर ठेवला, दारातून दिसेल असा. झालं. महिन्याभरात माझ्याकडे बायका हळूच विचारायला लागल्या. भरलेला नको, नुसता डबा मिळेल का?

मी काही देवमाणूस नाही. भंगारवाल्याला सांगून ठेवलं, तो शहरातून गोण भरून आणायचा. मी ते राखेने घासायचे, वाळवायचे आणि विकायचे. दोन वर्षांत घरोघरी फळीवर तो निळा डबा बसला. आत कोणाकडे मीठ, कोणाकडे बटणं, कोणाकडे नुसती हवा. ज्यांच्याकडे पाहुणे येत त्यांच्यासाठी मी सुटी पावडर ठेवायला लागले. पिठीसाखर, मैदा आणि कसलासा वास. ती डब्यात भरायची आणि पाहुण्याच्या डोळ्यांदेखत चमच्याने काढून दुधात घालायची. घरातलं माणूस तिला हात लावत नसे. सगळ्या गावाला सगळं ठाऊक होतं, आणि एक बाई दुसरीला ते बोलून दाखवत नव्हती.

थोरली आणि धाकटी एकाच अंगणात राहतात. मूळचं एक घर, मध्ये भिंत घालून दोन केलेलं. सासू थोरलीकडे असते. मी तिला मावशी म्हणते, ती मला अजून पोरी म्हणते, आणि या वयात मला पोरी म्हणणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. थोरलीने डबा घेतला तो दोन वर्षांपूर्वी. ऊन-धुराने त्याचं चित्र उडालं होतं. मुलाचे डोळे, गाल सगळं पुसलं गेलं आणि हसणारे दात तेवढे राहिले. मला तो डबा बघवत नसे. तिला मात्र रोजचा झालेला.

भंगारवाल्याच्या एका गोणीत एक डबा असा निघाला की जणू आज कारखान्यातून आलाय. झाकण इतकं घट्ट की उघडताना टप्प असा आवाज व्हायचा. तो धाकटीच्या नजरेला पडला आणि ती घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडताना थोरलीला तो शेजारच्या दारातून दिसला. ती झाडू तिथेच टाकून तडक दुकानात आली. मागोमाग धाकटी.

थोरलीचं म्हणणं, हिने मुद्दाम माझ्या नाकावर टिच्चून घेतला. धाकटीचं म्हणणं, माझ्या पैशाने मी काय घ्यावं ते मी ठरवीन. मग कोणाच्या लग्नात कोणाला कसलं लुगडं मिळालं होतं, तिथपर्यंत गोष्ट गेली. मी मधे पडले नाही. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मात्र मला वाटलं, हिचं दुखणं डब्याचं नाही. तिच्या नवऱ्याच्या पायावरून वर्षापूर्वी ट्रॅक्टर गेला. पाय राहिला, पण त्याच्यावर भार घालून तो रानात उभा राहू शकत नाही. त्या वर्षभरात धाकट्याने मात्र नवीन बैल घेतला, दाराला रंग दिला. थोरलीला शेजारच्या दारातून हे सगळं रोज दिसत होतं.

त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं.

पुढे जे झालं त्यात हवेचाही हात आहे. पाऊस झाला, चांगला झाला, आणि मग ढग उठेनातच. दिवसच्या दिवस आभाळ डोक्यावर टेकलेलं. पडतही नव्हतं आणि हटतही नव्हतं. रानात पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जायचा. वाफसा होईना, पेरणी अडली. माझ्या दुकानात मिठाला पाणी सुटलं, काडेपेट्या ओल्या झाल्या. गुळाच्या ढेपेवर माश्या बसायच्या त्या उडायच्याच नाहीत. माणसं ओट्यावर येऊन बसायची आणि रानाकडे बघत राहायची. कोणाच्या तोंडून चार शब्द सरळ निघत नव्हते.

बियाण्याला चोळायचं औषध दरवर्षी दहा जण मिळून घेतात. मोठी गोण स्वस्त पडते. मग ती अंगणात फोडून प्रत्येकाने आपापला वाटा घरच्या भांड्यात न्यायचा. औषध म्हणजे कीड मारायचं विष. पण दिसायला साजूक, रंग सायीसारखा, हाताला मऊ. विकणाऱ्याने या वर्षी बजावून सांगितलं होतं की हवा दमट आहे, ओल लागली तर औषध गेलं म्हणून समजा, घट्ट झाकणाच्या भांड्यातच ठेवा.

धाकट्याच्या घरात घट्ट झाकणाचं भांडं एकच होतं.

त्याने बायकोला सांगितलं होतं. ती काही अडाणी नाही, तिने डब्याला हात लावला नाही. माळ्यावर ठेवावा असं तिच्या मनातही आलं होतं म्हणे. पण मग फळीवरची जागा रिकामी दिसणार. थोरली अंगणातून जाता-येता बघणार, आणि म्हणणार, काय झालं, विकला का? म्हणून विषाचा डबा फळीवरच राहिला, मुलाचं चित्र दाराकडे करून.

त्याच आठवड्यात बातमी आली की डेअरीवाले गावात दूध संकलन केंद्र काढणार आहेत. कोणाच्या तरी घराची पुढची खोली भाड्याने घेणार, आणि त्याच घरातल्या एका माणसाला दूध मोजायला बसवणार. बसून करायचं काम. थोरलीने हे ऐकलं तेव्हा ती माझ्याच दुकानात होती. तिने हातातली तेलाची बाटली खाली ठेवली आणि मला दोनदा विचारलं, बसूनच ना काकू? मी म्हटलं, बसूनच. केंद्र नाही मिळालं तर यंदा जमीन धाकट्याला कसायला द्यावी लागणार होती. म्हणजे धाकटीच्या हातून धान्य घ्यायचं. ते टाळायला तिच्यापुढे केंद्राचा तेवढाच रस्ता उरला होता.

डेअरीचा साहेब चार घरं बघून गेला होता, पाचवं थोरलीचं. त्या सकाळी ती लवकर दुकानात आली. चांगली साखर घेतली, दोन नवे कप घेतले, ते पुन्हापुन्हा उजेडात धरून बघितले. मी विचारलं, पावडर देऊ का थोडी? तुझ्याकडची तर केव्हाच संपली असेल.

"नको काकू," ती म्हणाली. "डबा भरलेला आहे."

तिने हे माझ्याकडे न बघता म्हटलं. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण सकाळची वेळ, गिऱ्हाईक उभं, मी पुढच्याला मीठ मोजायला लागले.

तास-दीड तासाने धाकटा आला. घट्ट झाकणाची एखादी बरणी आहे का म्हणून विचारू लागला. मी वर हात घालून बरण्या चाचपत होते आणि तो आपला बोलत होता. औषध बायकोच्या डब्यात भरलंय, ती रोज डोकं खाते, म्हणून आज म्हटलं बरणीत काढावं. तर घरी एक गंमतच झाली.

"कसली गंमत?"

"फळीवर डबा आहे, पण तो आमचा नाही वाटत. आमच्या डब्यावर मुलगा आहे. याच्यावर नुसते दात आहेत."

माझ्या हातातून बरणी सुटली. ती फुटली की राहिली ते मी बघितलंही नाही. धाकटा गंमत सांगत होता, आणि मला मात्र सगळं डोळ्यांसमोर दिसलं. धाकटी गवताला गेलेली, दार नुसतं लोटलेलं. साहेब येणार, त्याच्या नजरेला तो दातांचा डबा कसा दाखवायचा? थोरली आत गेली असणार. नवा डबा उचलला, जागा रिकामी दिसू नये म्हणून आपला जुना तिथे ठेवला. साहेब गेला की पुन्हा बदलायचा. बोलणं नाही, मग विचारणार कसं? आणि डबा हलवून बघितला असेल तर आत पावडर. तिला वाटलं असेल, दुसरं काय असणार?

मी धाकट्याला म्हटलं, "तुझ्या वहिनीकडे साहेब आलाय. ती त्याला दूध देणार." तो अजून माझ्या तोंडाकडेच बघत होता. मी दुकान उघडं टाकून निघाले.

गल्लीत चिखल होता. माझं वय पळायचं नाही. पायातली चप्पल रुतली, ती सोडली, पुढे दुसरीही सोडली. थोरलीच्या दाराशी डेअरीची गाडी उभी होती, मागे दुधाचे मोठे कॅन. मी धापा टाकत दारात पोचले.

खोलीत साहेब खाली उकिडवा बसून फरशी बघत होता. हातातल्या तांब्यातलं पाणी ओतून ते कुठे वाहतं ते पाहत होता. थोरला काठी टेकून भिंतीशी उभा. स्टुलावर नवा कप, काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. कोणी तोंड लावलेलं नव्हतं.

थोरली मला बाजूला घेऊन कुजबुजली. साहेबांना दूध पचतच नाही म्हणे. आयुष्य दुधात गेलं आणि दूध पचत नाही. तिला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. फळीवर निळा डबा झगझगीत बसलेला. साहेबाची त्याच्याकडे पाठ होती.

मी तो कप उचलून घट्ट धरला. वाचलो, असं मनात आलं. मग डोक्यात उजेड पडला की सकाळी कप दोन घेतले होते.

"दुसरा कप कुठे आहे?"

"तो ड्रायव्हरचा. त्यानेही नुसतं पाणी मागितलं. मग आईंना दिला. एवढं महागाचं टाकून कसं द्यायचं?"

या घरात ती रीतच होती. पाहुण्याने ठेवलेलं मावशीला जायचं. पाहुण्याने ठेवलं नाही तर मावशीलाही नाही. म्हातारीने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, उलट पाहुणे आले की मागच्या दाराशी जाऊन बसायची, काही उरतंय का बघायला. मी मागे धावले.

मावशी गोठ्याच्या कडेला लाकडांवर बसली होती. कप दोन्ही हातांत धरलेला. घोट घ्यायची, डोळे मिटायची, तोंड वेडंवाकडं करून गिळायची. कपात खाली दोन बोटं उरलं होतं.

"ये गं पोरी," ती म्हणाली. "जरा कडू आहे. जिभेला झिणझिण्या येतात. मला वाटलं, महागाची चव अशीच असत असेल."

मी कप हिसकावून घेतला. तिला वाटलं मला हवाय. "घे, घे," म्हणाली, "तू तरी कधी प्यायलीस?" खरंच होतं. दोन वर्षं डबे विकले आणि मीही ते कधी प्यायले नव्हते. अख्ख्या गावात एक माणूस असा नव्हता की ज्याने घोट घेऊन म्हटलं असतं, ही ती चव नाही.

थोरली मागून आली होती. तिला मी दोन वाक्यांत सांगितलं. आणि मग ती जे बोलली ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. आज सांगते, कारण तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं याची मला खात्री नाही.

ती म्हणाली, "काकू, पाच मिनिटं थांबा. साहेबांची सही होऊ दे. त्यांच्यासमोर नको."

मग तिनेच आपल्या तोंडावर हात दाबला. मी पुढच्या खोलीत गेले आणि साहेबाला सरळ सांगितलं की म्हातारीच्या पोटात विष गेलंय, गाडी पाहिजे. त्या माणसाबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्याने एक प्रश्न विचारला नाही. ड्रायव्हरला हाक मारली आणि कॅन खाली उतरवायला स्वतः हात लावला. म्हातारीने काय घेतलं ते दाखवायला डबा बरोबर घ्या, एवढंच म्हणाला.

दवाखाना दोन गावं ओलांडून. गाडीत मागे मी मावशीचं डोकं मांडीवर घेऊन बसले, समोर थोरली, तिच्या मांडीवर डबा. वरच्या ढगांनी दिवसाचा उजेड खाऊन टाकला होता. निम्म्या वाटेत मावशीच्या तोंडातून लाळ गळायला लागली, हातपाय थरथरायला लागले. थोरली डब्यावरच्या मुलाकडे एकटक बघत होती. मला तो डबा खिडकीतून भिरकावून द्यावासा वाटत होता.

दवाखान्यात बाकांवर पंधरा-वीस माणसं होती, त्यातल्या निम्म्या बायका थोरलीच्या माहेरच्या ओळखीच्या. डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, काय प्यायल्या? थोरलीने डबा पुढे केला. त्याने तो फिरवून वाचला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे तर लहान मुलांचं. आमच्या घरीसुद्धा हेच आहे. यानं असं होत नाही. दुसरं काय खाल्लं त्यांनी?"

तो वळून मावशीचा हात तपासायला लागला, नर्सला कसली तरी साधी सुई आणायला सांगितली. मी म्हटलं, आत वेगळं आहे हो. तो म्हणाला, सील फोडलेला नवा डबा दिसतोय, आत वेगळं कसं असेल? बाकांवरच्या बायका माना उंच करून बघत होत्या. मी थोरलीकडे बघितलं. खरं सांगायचं तर माझंही तोंड उघडेना, कारण पुढचा प्रश्न येणार होता की डबा दिला कोणी.

थोरली उठून उभी राहिली. आवाज इतका मोठा काढला की बाहेर व्हरांड्यात ऐकू गेला असेल.

"डबा रिकामा विकत घेतलेला आहे. आमच्याकडे हे कधीच कोणी प्यायलेलं नाही. लोकांना दाखवायला ठेवतो. आत बियाण्याचं औषध आहे."

डॉक्टरने तिच्याकडे एकदा बघितलं आणि मग मात्र त्याची धावपळ सुरू झाली. मावशीला आत नेलं. थोड्या वेळाने धाकटा कोणाच्या तरी मोटरसायकलवर औषधाच्या गोणीवरची चिठ्ठी घेऊन आला, मागे धाकटी, हातात अजून गवत कापायचा विळा. ती येऊन थोरलीच्या पायाशी बसली. "मी माळ्यावर ठेवणार होते," एवढंच म्हणत राहिली. "जागा रिकामी दिसेल म्हणून ठेवला नाही." थोरलीने तिला जवळही घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही.

मावशी वाचली. अकरा दिवसांनी घरी आली. हात अजून कापतात, कप भरून दिला तर अर्धा सांडतो. सारखी म्हणते की डोळ्यांपुढे धूर आहे.

केंद्र सुताराला मिळालं. साहेबाला उतार हवा होता. दूध सांडलं की फरशी धुतलेलं पाणी आपोआप बाहेर जायला हवं. थोरलीच्या खोलीत पाणी मधेच साचत होतं. तो आला तेव्हाच त्याचं मन ठरलं होतं, असं ड्रायव्हर नंतर माझ्याकडे विडी घ्यायला आला तेव्हा बोलून गेला. कोणाच्या फळीवर काय आहे ते साहेबाने पाचही घरांत बघितलं नव्हतं. सुतारणीच्या फळीवर तर त्या दिवशी नुसती करवत होती. थोरलीने यंदा जमीन धाकट्याला कसायला दिली.

धाकट्याने तो डबा बांधाखाली खोल पुरला. मी माझ्याकडचे उरलेले अकरा डबे दगडाने चेपले आणि भंगारवाल्याला सांगितलं की पुन्हा हे माझ्या दारात आणू नकोस. मला वाटलं, लोक तरी आता शहाणे होतील. महिनाभर खरंच कोणी डब्याचं नाव काढलं नाही. घराघरातल्या फळ्यांवर जागा रिकाम्या दिसायला लागल्या, आणि त्या रिकाम्या जागांमुळे बायकांना कसंनुसं व्हायला लागलं. मग मास्तरीणबाई एका दुपारी आल्या, दुकानात दुसरं कोणी नाही बघून जवळ वाकल्या. निळा नको, म्हणाल्या, तो अपशकुनी निघाला. हिरवा मिळतो म्हणे हल्ली. त्याच्यावर मुलगी आहे.

मी नाही म्हटलं. आता भंगारवाला स्वतःच घरोघरी जातो. परवा मोजले, आमच्या गल्लीत सहा हिरवे डबे आहेत.

मला एकाच गोष्टीने झोप लागत नव्हती. मावशी ते विष पाऊण कप प्यायली, ते चव माहीत नव्हती म्हणून. तिला एकदा खरं पाजायचं असं मी ठरवलं. शहरात गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा भरलेला, सील असलेला निळा डबा विकत घेतला. दुकानात मावशीला समोर बसवलं. तिच्या डोळ्यांदेखत सील फोडलं, दूध गरम केलं, दोन चमचे घातले, आणि सांडू नये म्हणून कप मीच धरून तिच्या ओठाला लावला.

तिने घोट घेतला, तोंडात घोळवला. मग माझ्याकडे बघून हसली, लहान मुलाची लबाडी पकडल्यासारखी.

"गोड आहे," ती म्हणाली. "पोरी, तू मला सुटीच दिलीस ना?"

मी शपथ घेतली. फोडलेलं सील दाखवलं. तिने मान हलवली.

"राहू दे गं. गरिबाला फसवलंस म्हणून मी रागावत नाही. पण खरं ते होतं. अशी कडू चव, डोक्यापर्यंत गेली होती. मोठी माणसं रोज कसं पितात कोण जाणे."

आणि तरी तिने कप पूर्ण संपवला, टाकून द्यायचं नाही म्हणून. तेव्हापासून ती रोज दुपारी येते. मी एक कप करून देते, ती पिते. पहिल्याच दिवशी जाताना दारात थांबली होती, आणि मला सांगून गेली होती की हा डबा संपला की दुसऱ्या कोणाला देऊ नकोस, थोरलीसाठी ठेव. तिची फळी फार रिकामी दिसते.

काल मी झाकण काढून आत बघितलं. डबा अर्ध्याच्या खाली आला आहे.